उरलेल्या लोकरीचं पांघरूण

सासूबाईंच्या पायांना थंडी वाजायची. जळगावच्या वैशाखात आम्ही बाकीचे ओले पंचे अंगावर टाकून फरशीवर पडायचो, आणि या म्हणायच्या, पाय गारठले. लकव्याने त्यांची डावी बाजू गेली होती. वर्षभर त्यांचं खाणं, न्हाणं, कूस बदलणं माझ्याकडे होतं, कारण नवरा पाइपच्या कारखान्यात पाळीवर जायचा. मी शाळेतून बिनपगारी रजा काढली होती. आता मुख्याध्यापकांचा निरोप आला, जूनमध्ये हजर व्हा, नाहीतर जागा भरावी लागेल. मला ती नोकरी हवी होती. त्यात थोर काही नव्हतं, मला घराबाहेर पडायचं होतं.

धुळ्याची नणंद आईला न्यायला तयार होती. सासूबाई कशाबशा हो म्हणाल्या, पण अट घातली. जुनी गोधडी घेऊन लेकीच्या सासरी जाणार नाही, पायांवर नवं पांघरूण हवं. बाजारातलं ब्लँकेट दाखवलं तर म्हणे टोचतं.

माझ्याकडे लोकर होती. दहा वर्षं लोकांच्या पोरांचे स्वेटर विणून उरलेले गुंडे पत्र्याच्या डब्यात पडून होते. गणवेशाचा मरून, बाटलीहिरवा, बाळांचा पिवळा, एक भडक जांभळा, जो कुणालाच शोभला नसता. शेजारीण वरणगावच्या फॅक्टरी क्वार्टर्समधून आलेली. तिथे ती ट्युनिशियन क्रोशा शिकली होती. तिने मला टोकाला आकडा असलेली हातभर लांब सुई दिली. जाताना टाके एकेक करून सुईवर गोळा करायचे, येताना दोन-दोन उतरवायचे, आणि काम उलटायचं नाही. "एकदम सोपं," ती म्हणाली. सोपंच होतं, तरी माझा पहिला पट्टा त्रिकोणी झाला. ओळीच्या कडेचा शेवटचा टाका दिसत नाही, तो मी दर वेळी सोडत होते. सगळं उसवून पुन्हा मांडलं.

दुपारी सासूबाईंच्या खाटेशी बसून विणायचे. हात चालत आणि डोळे मिटत. उठायची वेळ झाली की काम तिथेच उशाशी ठेवून स्वयंपाकघरात जायचे. मग एक विचित्र प्रकार सुरू झाला. हिरवा पट्टा काल संपवला असं वाटायचं आणि आज तो अर्धाच दिसायचा. या विणीत मी शिकाऊ, त्यात झोपेची मारामार. माझीच आठवण दगा देतेय असं धरून मी पुन्हा विणायचे. असे आठ-दहा दिवस गेले. मे संपत आला आणि पांघरूण गुडघ्यापुरतंही होईना.

एके दुपारी दूध उतू जाईल म्हणून धावले आणि लगेच परतले. सासूबाईंनी सुई काढून ठेवली होती. मेलेला डावा हात गुंड्यावर वजनासारखा ठेवलेला, आणि उजव्या हाताने त्या धागा ओढत होत्या. एकेक ओळ सरसर सुटत होती. उसवलेला धागा त्या पुन्हा गुंड्याला गुंडाळत होत्या, नीट, घाई न करता.

"आई, हे तुम्ही करताय?" माझा आवाज चढला. "रोज?"

त्यांनी हात थांबवला नाही.

"हाई सरनं का मी तठे जासू," त्या म्हणाल्या. पांघरूण संपलं की त्यांना लेकीकडे जावं लागणार होतं. "लेकना घर मी नही राहाव. माले आठेच राहू दे, पोरी. तुना हात हलका शे."

लग्नाला बारा वर्षं झाली होती. माझी भाजी खारट, माझी पोळी जाड, माझी चाल नवऱ्याच्या पुढे, एवढंच मी त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. आणि चांगला शब्द निघाला तो नेमका या वेळी. मला रडू आलं नाही. मला संताप आला. मी त्यांच्या हातातून लोकर घेतली, सुई घेतली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

उरलेलं काम मी चार दिवसांत केलं. रंग जुळवले नाहीत, हाताला येईल तो गुंडा लावला. त्या आतून हाक मारायच्या तेव्हा "आले" म्हणायचे आणि ओळ संपवूनच उठायचे. कडा गुंडाळल्या जात होत्या. शेजारीण म्हणाली, ओलं करून वजनाखाली ठेव. ठेवलं नाही.

आम्ही त्यांना जीपमधून धुळ्याला पोचवलं. पारोळ्यापासून त्या डोळे मिटून पडून राहिल्या. नणंदेने खाट घातली, मी पायांवर पांघरूण टाकलं. निघताना पाया पडले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. जोर होता त्या हाताला. मी त्यांची बोटं सोडवली, एकेक करून, आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी येते."

नवरा एक दिवस मागे राहिला. मी एकटीच परतीच्या एसटीत बसले. गाडी सुटल्यावर तरी रडू येईल असं वाटलं होतं. धुळं मागे पडायच्या आत मला झोप लागली. जळगाव स्टँडवर कंडक्टरने खांदा हलवून उठवलं, तेव्हा गाडी रिकामी होती. वर्षभरात मी इतकी गाढ झोपले नव्हते.