जप आणि बांगडे

जोगेश्वरीतले आमचे शेजारी सकाळी गॅलरीत जप करतात आणि मध्येच, हातातली माळ न थांबवता, खालून जाणाऱ्या कोळणीला विचारतात, “बांगडे ताजे असत काय गो?” त्यांची बायको कपाळावर हात मारते. ते म्हणतात, “देवाला माहीत आहे मी कसा आहे ते.”

माझी बायको गेल्यापासून मी मासळी सोडली होती. चवीनं जेवणं ही तिच्याशी प्रतारणा वाटे. गेल्या रविवारी ते कालवणाचं पातेलं घेऊन आले.

“ती गेली रे, तुझी जीभ नाही गेली. आधी तिचा घास बाजूला काढ, मग जेव.”

मी तिचा घास काढला आणि पोटभर जेवलो. ते निघाले तेव्हा चाचरत विचारलं, “उद्या आणाल?”

“उद्या सोमवार! उद्या दोघं मिळून उपास करू.”