निळा कमी पडतोय

रंगाच्या दुकानात त्यांना सगळे शेडमास्तर म्हणायचे. गिऱ्हाईक घरच्या भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणायचं आणि म्हणायचं, असाच हवा, जुन्याशी जुळला पाहिजे. मास्तर तो पोपडा दारातल्या उजेडात धरायचे, उलटा करून बघायचे, मग पांढऱ्या डब्यात पिवळ्याचे, काळ्याचे, कधी विटकरीचे थेंब सोडून ढवळायला लागायचे. काडीने कागदावर एक फराटा ओढायचे आणि तो वाळेपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत. ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची शिस्त. वाळलेल्या फराट्यावर पोपडा ठेवला की त्याची कडाच दिसेनाशी व्हायची. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. मास्तर मात्र तोवर हात पुसत पुढच्या माणसाकडे वळलेले असायचे.

घरी बाहेरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलाला लागून, त्यांची काचेची टाकी होती. खाऱ्या पाण्याची. मासे नावापुरते: दोन केशरी, आणि एक काळा, कायम रुसल्यासारखा कोपऱ्यात. टाकी खरी होती ती प्रवाळांसाठी. मधल्या खडकावर जांभळ्या टोकांचं, फांद्याफांद्यांचं एक प्रवाळ होतं. मास्तरांनी नखाएवढा तुकडा आणून स्वतःच्या हाताने तिथे चिकटवला होता. आता तो दोन ओंजळींत मावला नसता. घरी कोणी आलं की पाण्याच्या पेल्याआधी ते प्रवाळ दाखवलं जायचं.

"लोक एकमेकांना पाण्यात बघतात," त्यांची बायको म्हणायची, "आमच्याकडे पाण्यालाच बघत बसतात." शेजारी तिला मास्तरीणबाई म्हणत. ती कपडे दुरुस्त करून द्यायची, आणि तिची खुर्ची टाकीसमोर असायची, कारण सुईत दोरा ओवायला घरात तेवढाच चांगला उजेड होता.

रंगाच्या बाबतीत मात्र तिला घरात आवाज नव्हता. पडदे, चादरी, तिच्या स्वतःच्या साड्यासुद्धा मास्तर निवडायचे. लग्नानंतर एकदा तिने मोरपंखी दोऱ्याऐवजी हिरव्या दोऱ्याने कोणाची तरी कड शिवली होती. तो किस्सा मास्तरांनी इतक्या वेळा रंगवून सांगितला होता की ती स्वतःही आता त्यावर हसायची. कोणी रंग विचारला की म्हणायची, "मला काय कळतंय, यांना विचारा."

प्रवाळ दगडासारखं दिसलं तरी जिवंत असतं. त्याच्या कातडीत डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. ते उजेडावर जगतं आणि प्रवाळाला जगवतं. त्यामुळे अशा टाकीवरचा दिवा शोभेचा नसतो, तिथली ती चूल असते. उजेड कमी पडला की प्रवाळ तपकिरी होतं. जास्त झाला की भाजतं, आतलं शेवाळ टाकून देतं आणि पांढरं पडतं. मास्तरांना हे सगळं पाठ होतं. त्यांच्या टाकीवर लांब ट्यूबांचा दिवा होता, पांढऱ्या आणि निळ्या ट्यूबा आलटून पालटून बसवलेला.

"ट्यूब मरत नाही, म्हातारी होते," ते समजावून सांगायचे. "रोज पेटते, पण आतून तिचा निळा जात असतो. रोज बघणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून दिसायला चांगली असली तरी वेळेवर बदलायची."

त्या वर्षी त्यांनी ट्यूबा वेळेआधीच बदलल्या. तरी टाकी मळकी दिसायला लागली होती. पाण्यात कोणी चहाचा चमचा धुतल्यासारखी. त्यांनी काच घासली, पाणी बदललं, ट्यूबा काढून पुन्हा दुसऱ्या घातल्या.

"निळा कमी पडतोय," ते म्हणाले.

"मला तर आहे तस्संच दिसतंय," बाई म्हणाली.

"तुला दिसणारच."

दुकानातही तेच. तिथला उजेड पिवळा झालाय, अशी तक्रार त्यांनी मालकांकडे लावून धरली, म्हणून मालकांनी छतावरचे दिवे बदलले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक बाई डबा परत घेऊन आली. तिला साईच्या रंगाची खोली हवी होती आणि भिंत निळसर निघाली होती. मास्तरांनी तिचा पोपडा आणि स्वतःचा फराटा दारात नेऊन पाहिले. दोन्ही त्यांना सारखेच दिसले. "तुमच्या खोलीत उजेड कुठून येतो?" त्यांनी विचारलं. ती बाई मालकांकडे बघायला लागली. मालकांनी तिला दुसरा डबा दिला आणि तो दुसऱ्या माणसाकडून बनवून घेतला.

त्या संध्याकाळी मास्तर घरी न जाता खाऱ्याकडे गेले.

खारा म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचं सामान विकणारा. मीठ, पंप, प्रवाळाचे तुकडे, दिवे. त्याचं दुकान अरुंद आणि ओलसर होतं, आणि तो गिऱ्हाइकापेक्षा मोठ्याने बोलायचा. मास्तरांच्या प्रवाळावर त्याचा जुना डोळा होता. एक फांदी तोडून द्या, मी वाढवतो, पुढेमागे कामाला येईल, असं तो दर भेटीत म्हणायचा. मास्तर दर भेटीत नाही म्हणायचे. वाढत्या जिवाला कात्री लावायची नाही, असं त्यांचं मत होतं.

खाऱ्याने रिकाम्या टाकीवर एकेक दिवा पेटवून दाखवला. आता ट्यूबांचा जमाना गेला, हे एलईडी घ्या, पांढरा वेगळा, निळा वेगळा, हवा तेवढा वाढवा-घटवा.

"हा मिणमिणतोय," मास्तर म्हणाले. "हा पिवळट आहे. आणि हा काय, आजारी माणसाच्या खोलीतला आहे का?"

"मास्तर, लोक गॉगल लावून येतात हो माझ्याकडे!"

शेवटी खाऱ्याने वरच्या फळीवरून एक रुंद, काळा, पंखे बसवलेला दिवा काढला. तो पेटला तेव्हा समोरच्या भिंतीवर दुकानातल्या सामानाची सावली पडली. मास्तर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा जरा बरा आहे."

"हा खोल टाकीसाठी असतो," खारा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "तुमची उथळ आहे. घेणार असाल तर उंच टांगा. सुरुवात अगदी मंद करा, आठवड्या-आठवड्याने थोडा थोडा चढवा. आणि उजेड मोजायचं यंत्र देतो, पाण्यात धरून आकडा बघा. वापरून परत करा, भाडं नको."

"मला यंत्र देतोस?" मास्तर हसले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

छताला हुक ठोकून त्यांनी दिवा टांगला. पहिले काही दिवस मंद ठेवला. पण तेवढ्या उजेडात त्यांना टाकी तळघरासारखी वाटायची. प्रवाळाची जांभळी टोकं तर जवळजवळ तपकिरी दिसत होती, आणि तपकिरी म्हणजे उपाशी. त्यांनी उजेड चढवला. मग निळा आणखी चढवला. मग तारा सैल करून दिवाच खाली घेतला.

बाईने खुर्ची फिरवून टाकीकडे पाठ केली. दुपारी शिवताना कपाळावर पदर ओढून बसायची. "समुद्रावर बसल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. "फक्त वारा तेवढा नाही."

मास्तर हसले नाहीत. ते काचेला नाक लावून बसले होते.

एकदा काच पुसताना ती थांबली. "अहो, याची टोकं पांढरी पडलीत का?"

"पांढरी?"

"म्हणजे... फिकी. मधूनही जरा..."

"मोरपंखी दोरा आठवतोय ना?" मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती. "तपकिरी झालंय ते. भूक लागलीय त्याला. थांब थोडे दिवस."

ती काही दिवसांनी पुन्हा म्हणाली. मग आणखी एकदा, पण यावेळी विचारल्यासारखं: "हा रंग तपकिरीच म्हणायचा ना?" मास्तर हो म्हणाले. त्यानंतर ती दिवसभर तिकडे बघायची, टेबलावर चमचे मांडताना, दोरा तोडताना. पांढरं दिसायचं. मग तिला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकत असेल. आयुष्यभर चुकतच तर आलंय. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं, असं तिला वाटलं असतं तर बरं झालं असतं. तिला वाटलं, पालथा घडा आपणच आहोत.

शेवटी टाकीचं मीठ आणायला गेली तेव्हा तिने खाऱ्याला भीतभीत एवढंच सांगितलं: "जाता जाता डोकावून जा. मला नीट सांगता येणार नाही."

खारा दुसऱ्याच दिवशी आला. दारातच त्याने डोळ्यांवर हात धरला. आत येऊन त्याने बरोबर आणलेल्या यंत्राची वायर पाण्यात सोडली, आकडा पाहिला आणि आधी दिवा बंद केला. मग पडदा उघडून दिवसाच्या उजेडात प्रवाळ बघितलं.

"अरे, उपाशी मारतोस का त्याला?" मास्तर उठले. "आधीच तपकिरी पडलंय."

"मास्तर," खारा म्हणाला, "हे पांढरं आहे."

"काय?"

"हाडासारखं पांढरं. पार बुडापर्यंत."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती शिवणाच्या कापडाची घडी घालत होती. ती घडी तिने मोडली आणि पुन्हा घातली.

"तुलाही पांढरं दिसतं?"

तिने हो म्हणून मान हलवली.

त्यानंतर खाऱ्याने जे जे करता येईल ते केलं. दिवा वर घेतला, अगदी मंद ठेवला, पाणी तपासलं. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं, कधी कधी सावरतं, असं तो सांगत राहिला. पण हे सावरलं नाही. आधी फांद्यांवरची कातडी विरून गेली, मग त्यांच्यावर हिरवट बुळबुळ धरली. खाऱ्याने त्या न तोडलेल्या फांदीचा विषय काढला नाही. तो इतका कमी बोलत होता की मास्तरांना ती फांदी आठवत राहिली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून कमी दिसतंय?"

"कमी दिसत नाहीये," मास्तर म्हणाले. "रंग मळलेत."

त्यांनी बराच वेळ तपासलं. मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला. डोळ्यातलं भिंग चहाच्या रंगाचं झालंय, त्या म्हणाल्या, निळा आतपर्यंत पोचतच नव्हता. हे हळूहळू होतं, म्हणून ज्याचं त्याला कळत नाही. मास्तर ऐकत होते. हेच वाक्य आपण वर्षानुवर्षं ट्यूबांबद्दल सांगत आलो, हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते एकदम हसले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, पेशंटला धीर आला.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचं नंतर करायचं होतं. सुट्टीत असतानाच मालक भेटायला आले, फळं घेऊन. दुकानात आता रंग वाचणारं यंत्र बसवलंय, ते म्हणाले, तुम्ही अजिबात घाई करू नका. आल्यावर गिऱ्हाइकांशी बोलायला बसा, तुमच्यासारखं बोलणं यंत्राला थोडंच येतं. मास्तर म्हणाले, बरोबर आहे. मालक गेल्यावर फळं बराच वेळ पिशवीतच राहिली.

पट्टी निघाली त्या दुपारी ते टाकीपुढे येऊन उभे राहिले. आधी त्यांनी नवा डोळा हाताने झाकला. जुन्या डोळ्याला टाकी ओळखीची दिसली, जुन्या फोटोसारखी. मग हात बदलला.

निळा एवढा आला की ते मागे सरकले. पाणी निळं, काचेची कड निळी, भिंतीवर हलणारी उजेडाची जाळी निळी. मध्ये खडकावर पांढऱ्या काटक्यांची मोळी, तिच्या खाचांतून हिरवं. आणि हे सगळं मंद उजेडात. त्यांना आधीचा उजेड आठवला.

"तू इथे बसून शिवायचीस?"

"मग कुठे बसणार?"

"डोळे दुखले असतील."

"दुखायचे."

"सांगायचं होतंस," ते म्हणाले, आणि म्हणताक्षणीच गप्प झाले. बाई शिलाई मशीन चालवत राहिली. मशीनवर एक शिवण पूर्ण झाली.

खडकाच्या सावलीत, मागच्या बाजूला, काहीतरी जिवंत राहिलं होतं. बटणाएवढं, वाटोळं, मऊ. मास्तर गुडघ्यावर बसून दोन्ही डोळ्यांनी आलटून पालटून ते बघत राहिले. एका डोळ्याला ते खाकी दिसत होतं, दुसऱ्याला भलतंच झगझगीत. कुठल्या डोळ्याचं खरं धरायचं ते त्यांना ठरवता येईना.

"जरा इकडे ये," ते म्हणाले. "हे बघ. याचा रंग कोणता?"

ती उठली. वाकून तिने पाहिलं. नीट पाहिलं, काचेवर हात टेकून.

"मला काय कळतंय," ती म्हणाली.

मास्तरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा असता तर त्यांना हलकं वाटलं असतं. पण ती खरंच सांगत होती.

"तुला दिसतं ते सांग ना. चुकलं तरी चालेल."

"नको. तुम्हीच बघा."

"बरं, उजेड सांग. एवढा पुरे?" त्यांनी दिव्याचं बटण दाबलं. "की कमी करू? आता? आता बरं वाटतंय का डोळ्यांना?"

"तुम्हाला हवा तेवढा ठेवा," ती म्हणाली, आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली. तिची खुर्ची अजून भिंतीकडे तोंड करून होती.

ते एकेक पायरी उतरवत गेले. पाणी गडद होत गेलं, खडकाची कड गेली, मग पांढऱ्या काटक्या. सावलीतलं ते बटणाएवढं काही दिसेनासं झालं, तसा त्यांनी पुन्हा थोडा उजेड दिला. तो त्या जिवाला पुरेसा आहे की नाही, जास्त आहे की काय, त्यांना सांगता येईना. बटणावर बोट ठेवून ते आतून तिचा काही आवाज येतो का, याची वाट बघत उभे राहिले.