पोचा पडलेली पाटी

कॉलेजचं पहिलं वर्ष संपल्यावर मी बोटीने दुबईला अब्बांकडे गेलो. आमच्या घरात कॉलेजात पोचलेला मीच पहिला. अब्बा शाळेत गेलेच नव्हते. बर दुबई नावाच्या भागातल्या बाजारात ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. नमुना समोर असला की अरबी असो, इंग्रजी असो, अक्षर हुबेहूब उतरायचं. इंग्रजी वाचता मात्र येत नसे.

त्या उन्हाळ्यात एका तेल कंपनीतल्या अमेरिकन साहेबाने त्यांना एक फोटो दिला होता. त्याच्या गावी रस्त्याच्या कडेला, खांबावर एक लोखंडी पाटी होती. तशीच त्याला लाकडावर रंगवून हवी होती, परत जाताना घरी न्यायला. आपलं काम अमेरिकेत भिंतीवर लागणार, हे अब्बांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. साहेबाने पाटी नापसंत केली असती, तर तेही गल्लीभर झालं असतं.

मी पोचलो तेव्हा पाटी जवळजवळ पुरी होत आली होती. फोटोवर बारीक चौकटी आखून अब्बा एकेक चौकट मोठी करून फळीवर उतरवत होते.

"काय लिवलंय रे त्यावर?" त्यांनी विचारलं.

मी आधी दोनदा मनात वाचलं. "त्यांचा देश स्वतंत्र व्हायच्या आधी लोक तिथं येऊन राहिले. त्यांनी ओंडक्यांची शाळा बांधली. ती या जागेवर होती."

"आता नाय?"

"नाही. नुसती पाटी आहे."

"शाळेसाठी लोखंडाची पाटी," अब्बा म्हणाले आणि पुढचं अक्षर भरायला लागले.

मग माझं लक्ष खालच्या कोपऱ्याकडे गेलं. फोटोतल्या पाटीला तिथं पोचा पडला होता आणि त्याखाली गंजाचा ओघळ होता. अब्बांनी दोन्ही जसंच्या तसं रंगवलं होतं.

"अब्बा, हे रंगवायला नको होतं. ही खराबी आहे."

"फोटोत हाय."

"फोटोत आहे, पण नव्या पाटीवर गंज कोण रंगवतं? साहेब हसेल."

शेजारच्या दुकानातले श्रीवर्धनचे शिंपीचाचा मशीन थांबवून म्हणाले, "घे. पोराला कॉलेजात घातलंस ना? आता चुका काढून घे."

अब्बांनी ब्रश खाली ठेवला. "तू शिकलेला," म्हणाले, आणि टर्पेंटाइनच्या फडक्याने पोचा आणि गंज पुसून तिथं सपाट रंग दिला. तेवढं रंगवायला त्यांना दीड दिवस लागला होता, हे मला नंतर कळलं.

दोन दिवसांनी साहेब आला. बराच वेळ बघत राहिला. मान हलवून हसला. मग कोपऱ्यावर बोट ठेवून त्याने मला विचारलं, इथला पोचा कुठे गेला?

पेंटरकडून राहून गेला, असं म्हणता आलं असतं. शब्द जुळवत मी सांगितलं, "त्यांनी रंगवला होता. मी पुसायला लावला."

साहेब रागावला नाही. सोळाव्या वर्षी वडिलांचा ट्रक मागे घेताना आपणच गावातल्या त्या पाटीला धडक दिली होती, असं त्याने सांगितलं. वाकलेला खांब बापलेकांनी मिळून सरळ केला. पोचा राहिला.

मी ते अब्बांना सांगितलं. त्यांनी ब्रश घेतला, फोटो मागितलाही नाही. आधी करडी छटा, एका कडेला पांढरी रेघ, खाली गंज. पाटी सपाटच होती, पण साहेबाने हात पुढे केला आणि खोलगट लागतंय का ते बोटाने चाचपलं. ओला रंग बोटाला लागला.

"खलास," चाचा म्हणाले. "साहेब फसला."

मी कॉलेजात गेलो तेव्हा गावात माझा सत्कार झाला होता. तेव्हा वाटला नव्हता एवढा अभिमान मला त्या बोटाकडे बघून वाटला.

मागच्या बाजूला पेंटरचं नाव हवं, असं साहेब म्हणाला. अब्बांनी माझ्यापुढे कागद सरकवला. "तू लिही, मी काढतो."

मी इंग्रजीत त्यांचं नाव लिहिलं. पेनातून शेवटच्या अक्षराशेजारी शाईचा ठिपका पडला. अब्बांनी कागद समोर ठेवून नाव उतरवलं आणि शेवटी ब्रशच्या टोकाने तो ठिपकाही नीट गोल काढला.

मी सांगणार होतो. पण या वेळी गप्प बसलो.