अंड्याला पाडलेली खिडकी

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडत असत. पिल्लू वाढत असलेलं अंडं घ्यायचं, काळोख्या खोलीत दिव्यासमोर धरून ते जिवंत आहे याची खात्री करायची, आणि दाताच्या डॉक्टरकडे असते तसल्या बारीक चकतीनं कवचाचा चौकोनी तुकडा कापून काढायचा. खाली एक पातळ, ओला पडदा लागतो. त्यावर लाल रेषांचं जाळं पसरलेलं असतं. पिल्लाचा श्वास या पडद्यातून चालतो. माणसाच्या अंगातून काढलेल्या रोगट गाठीचा एखादा तुकडा तिथं अलगद ठेवला, खिडकीवर काच बसवून कडा मेणानं बंद केल्या आणि अंडं उबेच्या पेटीत परत ठेवलं, की काही दिवसांत पडद्यावर गडबड उडते. जुन्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात आणि ते सगळे त्या तुकड्याकडे धाव घेतात, चाकाचे आरे मधल्या तुंब्याकडे जावेत तसे. मेलेला तुकडा ठेवला तर ही धावपळ होत नाही.

आमच्या साहेबांना हवं होतं ते एवढंच, की हे कशानं होतं? गाठीतून काही द्रव्य झिरपतं आणि ते वाहिन्यांना बोलावून घेतं, की नुसत्या स्पर्शानं त्या चाळवतात? साहेब विलायतेत शिकून आलेले. या प्रश्नावर ते इतकं सुंदर बोलत, की ऐकणाऱ्याला उत्तर मिळालंच आहे असं वाटे. परदेशातून मागवलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांच्या चकत्या त्यांच्याकडे आल्या होत्या. तसली चकती मध्ये ठेवली की गाठीचा आणि पडद्याचा स्पर्श तुटेल, पण द्रव्य असेल तर ते पाझरेल. प्रयोग सरळ होता. परंतु त्या चकत्यांचा डबा साहेबांनी काचेच्या कपाटात मांडून ठेवला होता आणि कोणी बडा पाहुणा आला की तो काढून दाखवत.

मी तिथं मदतनीस होतो. अंडी तपासणं, खिडक्या पाडणं आणि बदल्या करणं ही माझी कामं. पिल्लू बाहेर पडण्याआधी गाठीचा तुकडा नव्या अंड्यात हलवावा लागे, नाहीतर तो मरे. याला आम्ही बदली म्हणत असू. सरकारी नोकरांच्या बदल्या थांबवता येत, या थांबवता येत नसत.

गिरगावात आमच्या घरी आम्ही तिघं होतो. मी, काका आणि आत्या. माझी आई मी लहान असताना गेली, वडील त्यानंतर. मला आत्यानं वाढवलं. ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिचं लग्न झालं नव्हतं. उंच, सावळी आणि समोरच्याचं चुकलं तर लगेच सांगणारी. तिला पाहायला आलेली माणसं पोहे खाऊन गेली ती गेली. हे ती स्वतःच सांगायची, वर पोह्यांची तारीफ करून.

काका तिचे थोरले भाऊ. त्या दिवसांत ते संयुक्त महाराष्ट्राच्या कामात होते, म्हणजे वाडीतल्या सभेचे अध्यक्ष होते. रोज संध्याकाळी ओट्यावर एक ठराव पास होई. शेवट 'मुंबईसह' या शब्दावर यायचा आणि तिथं काकांचा आवाज चढायचा.

आत्याला छातीत गाठ निघाली. रोगाचं नाव घरात कोणी घेत नव्हतं. तिनं ते कोशात पाहून घेतलं होतं. शस्त्रक्रिया शेजारच्याच इस्पितळात व्हायची होती, म्हणून साहेबांनी मला चाचरत विचारलं. मी तिला विचारलं.

"आत्या, कापलेल्या गाठीतला तुकडा आमच्याकडे हवाय. प्रयोगाला."

"कशात ठेवणार?"

"अंड्यात."

ती बराच वेळ हसली. "जन्मभर मी अंडी खाल्ली. त्याची वसुली म्हणायची."

"नाही गं. त्या अंड्याचं रक्त तुझी गाठच खाणार."

"मग घेऊन जा."

काकांना हे पटलं नाही. "देहाचा भाग असा मागं ठेवू नये. सगळा एकत्र अग्नीत गेला पाहिजे."

"दादा, तुझे दात पडले ते कुठं ठेवलेस?" आत्या म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तुम्ही सगळे तोडलेला भाग जोडून मागताय. माझा तोडलेला भाग तेवढा कोणी परत मागू नका म्हणजे झालं."

काका ठराव लिहायला निघून गेले.

शस्त्रक्रिया झाली. तुकडा अंड्यात रुजला, पहिल्याच खेपेला. साहेब खूश झाले. बाकीच्यांचे तुकडे धड रुजत नसत. आत्याला थोडं हिंडता यायला लागल्यावर तिनं हट्ट धरला, मला बघायचंय. एका दुपारी मी तिला टॅक्सीनं परळला नेलं. शाळा तपासायला आल्यासारखी ती साडीचा पदर खोचून टेबलाशी बसली. मी अंडं भिंगाखाली धरून दिलं.

"मधला पांढुरका आहे तो मी?"

"हो."

"आणि ह्या सगळ्या ह्याच्यासाठी आल्या?"

"हो."

"आधी नव्हत्या?"

"नव्हत्या."

तिनं भिंगावरून डोळा काढला नाही. "माझ्याकडे आयुष्यात कोणी इतक्या घाईनं आलं नाही रे," ती म्हणाली.

मी हसलो. तिनं ते हसण्यासाठीच म्हटलं होतं असं मला वाटलं. आजही मला नक्की सांगता येत नाही.

मग तिनं मास्तरणीसारखं विचारायला सुरुवात केली. ह्यांना कळतं कसं? मी साहेबांचा प्रश्न सांगितला, कपाटातला डबा दाखवला.

"मग वापरत का नाहीत?"

"साहेब म्हणतात, वेळ आली की वापरू."

"आमची आलेली आहे म्हणावं."

हे मी साहेबांना जसंच्या तसं सांगितलं नाही. पण काय ते त्यांना समजलं असावं, कारण पुढच्या एखाद्या बदलीला चकती वापरू असं ते स्वतःहून म्हणाले. टॅक्सीत आत्या म्हणाली, "कळेपर्यंत चालू ठेव. कळलं की संपव. दोन ठिकाणी जगायची मला हौस नाही." मी कबूल केलं. काय कबूल करतोय ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

दुखणं उलटलं. एका बदलीतून दुसऱ्या बदलीत जात अंड्यातला तुकडा इकडे लालबुंद होत होता; डबा अजून कपाटातच होता. ज्याला बोलवावं तो हजर होत होता. तिकडे गिरगावात सुई टोचायला येणाऱ्या नर्सबाईंना आत्याच्या हाताला शीर सापडेना. त्या हात चोळायच्या, थापट्या मारायच्या, दुसरा हात बघायच्या. आत्या त्यांना म्हणाली, "परळला बघा, तिथं भरपूर आहेत." नर्सबाईंना वाटलं, ज्वरात बोलतेय.

ती गेली तेव्हा पुढची बदली तोंडावर आली होती. काकांना गुडघ्यांमुळे खाली बसवत नव्हतं, म्हणून चंदनवाडीत अग्नी मी दिला आणि मुंडणही मीच केलं. दहा दिवस सुतक. घराबाहेर पडायचं नाही, कोणाला शिवायचं नाही. बदली त्यातच येत होती आणि ती करणारा मी एकटा होतो. मृत माणसाचा शोक पाळायचा तर त्याचं जिवंत राहिलेलं तेवढं मरू द्यायचं, असा तो हिशेब होता.

"मी परळला जाऊन येतो," मी काकांना म्हटलं.

"सुतकात?"

"तिला शब्द दिलाय."

काकांनी विरोधाचा ठराव मांडला नाही. माणसानं कधी नव्हे ते अध्यक्षपद सोडलं होतं. "गोळीबाराच्या निषेधात आज हरताळ आहे," ते म्हणाले. "ट्राम नाही मिळणार. चालत जा."

चालत निघालो. दुकानं बंद, रस्ते मोकळे. लालबागला मिलची माणसं घोळक्यानं उभी होती. माझं मुंडण बघून घोळक्यातल्या माना वळल्या. एकजण पुढं आला.

"गोळीत गेलो कोण?"

"नाही. आत्या गेली. आजारानं."

हुतात्मा नसलेलं मरण त्या दिवशी कुठल्या खात्यात घालावं हे त्याला सुचेना. मग म्हणाला, "मगे खय चललंस असो?"

"कामावर."

हरताळाच्या दिवशी लालबागेत उभं राहून हे उत्तर द्यायला नको होतं. मागून कोणी ओरडलं, "सोड रे त्येका. येडो झालो हा बिचारो." त्यांनी वाट दिली. वेड लागलेल्या माणसाला तरी तेव्हा कामावर जायची मुभा होती.

साहेब आवारातच राहत, म्हणून ते प्रयोगशाळेत होते. मला पाहून उठले, दोन पावलं माझ्याकडे आले आणि थांबले. "अहो, सुतकात तुम्ही... शिवाशिव..." एवढं त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांचा चेहरा पडला. विलायत इतकी वर्षं जपून ठेवली होती आणि अशी एका वाक्यात हातातून सुटली. ते कपाटापाशी गेले, किल्ली लावली आणि डबा माझ्या हातात दिला. मी काम करत असताना दिवा त्यांनी धरला.

तीन अंडी तयार केली. एकात तुकडा तसाच ठेवला. एकात चकती आणि चकतीवर तुकडा. एकात नुसती चकती.

सुतक फिटल्यावर पाहिलं. नुसत्या चकतीखाली विशेष काही नव्हतं. तुकडा असलेल्या चकतीखाली वाहिन्या चारी बाजूंनी आल्या होत्या आणि जिथवर येता येईल तिथवर येऊन थांबल्या होत्या. मध्ये चकती होती, तुकडा त्यांना शिवलाही नव्हता. तरी त्या आल्या होत्या.

साहेब म्हणाले, "एका अंड्यावरून काही सिद्ध होत नाही." बरोबरच होतं. चकतीला चीर असेल, कडेनं काही ओघळलं असेल. पुढे बऱ्याच वर्षांनी इतरांनी हे नीट करून दाखवलं. त्या बोलावणाऱ्या द्रव्यांना वाढीचे घटक म्हणतात, एकेकाला स्वतंत्र नाव आहे. आत्याला मात्र एका अंड्याचं उत्तर पुरलं असतं. तिनं लगेच विचारलं असतं, बघ, द्रव्यच बोलावतं ना?

हे सांगायला घरी जावं असं मला वाटलं. मग आठवलं.

साहेबांना तो तुकडा आणखी ठेवायचा होता. लवकरच कोणी मोठे पाहुणे यायचे होते. मी तिला दिलेला शब्द सांगितला. त्यांनी चष्मा पुसला आणि होकारार्थी मान हलवली. पाहुणे आले तेव्हा त्यांना दुसऱ्याच एका अंड्यात पाहायला दिलं. त्यांनी डोळा लावला, छान म्हणाले, आणि भिंगाखाली खिडकी नव्हे, नुसतं कवच आलं होतं हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

वापरलेली अंडी मागच्या भट्टीत जाळत. साहेबांनी होकार दिला त्याच संध्याकाळी आत्याचा तुकडा असलेली दोन्ही अंडी मी स्वतः घेऊन गेलो. भट्टीच्या तोंडाशी उभा राहून, का कोण जाणे, एकाचं मेण खरवडून काच काढली. वाहिन्या दिसण्याइतका उजेड होता.

त्या अजून येतच होत्या.