आडनाव नसलेलं लायसन्स

स्कूटर आईची. तिच्या नावावर, तिच्या निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. चालवायची माझी वहिनी. आणि किल्ली दादाच्या शर्टाच्या खिशात. या तीन गोष्टी एकाखाली एक ठेवून पाहा, म्हणजे मला राग कशाचा आला ते वेगळं सांगावं लागणार नाही.

वहिनी ब्रह्मदेशातली आहे. नागपूरला शिकायला आली होती, दादा तेव्हा तिथे रेल्वेच्या ट्रेनिंगला होता. विहारातल्या एका कार्यक्रमात ओळख झाली, कोर्टात लग्न झालं, आणि ती रायपूरला पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत राहायला आली. पासपोर्ट अजून तिच्याच देशाचा. तिच्या गावात पोरी शाळेच्या वयापासून गाडी चालवतात, फक्त रस्त्याची उजवी बाजू धरून. इथे आल्यावर तिने महिनाभरात डावी धरली. आमच्या शहरात अर्धे लोक जन्मभर धरत नाहीत.

आईने रेल्वेच्या दवाखान्यात नर्स म्हणून उभ्याउभ्या नोकरी काढली, तिचे गुडघे तिथेच गेले. निवृत्त झाली आणि तिचं जगणं दुसऱ्याची वाट पाहण्यावर आलं. दादा ड्युटीवरून आला की जाऊ, मी मोर्च्यातून मोकळी झाले की जाऊ. वहिनी आली आणि आई मागच्या सीटवर बसली. मग दोघींना कोणाची गरज उरली नाही. संध्याकाळी बुढापाऱ्याला तलावाकाठी, रविवारी विहारात, येताना भाजी. आई मराठीत बोलते, वहिनी हिंदीत उत्तर देते आणि भाजीवालीकडून शिकलेलं छत्तीसगढी ‘हव’, म्हणजे ‘हो’, प्रत्येक वाक्याला जोडते. त्या काळात मी आईला पहिल्यांदा लिपस्टिक लावताना पाहिलं.

एका संध्याकाळी बुढापाऱ्याच्या चौकात शिपायाने हात केला. आधी चेहरा पाहिला, मग गाडी.

“मणिपुर?”

“नहीं. बर्मा.”

तिने आपल्या देशाचं लायसन्स काढून दाखवलं. इथे राहणाऱ्याला ते चालत नाही, इथलंच काढावं लागतं. शिपायाचं तेवढं बरोबर होतं. दंड करायचा तर करायचा होता. त्याने दंड केला नाही. त्याने विचारलं, “पति का नंबर बताओ.” गाडीची मालकीण मागच्या सीटवर बसली होती, पण तिला कोणी काही विचारलं नाही. दादाला फोन गेला. दादा आला, दोघींना ऑटोत बसवलं आणि गाडी स्वतः घरी आणली.

“लायसन्स निघत नाही तोवर किल्ली माह्याजवळ,” तो म्हणाला.

“आन माह्ये गुडघे?” आईने विचारलं.

“मी हाओ ना.”

“तू घरी रायतो कधी?”

किल्ली खिशात टाकून तो आंघोळीला गेला.

दादा वाईट माणूस नाही. घाबरट आहे. परदेशी बायको, तिचा व्हिसा, तिची पोलिसांकडची नोंद, या सगळ्यात कुठे काही अडकलं तर काय, ही भीती त्याच्या डोक्यात कायम. पण घाबरणाऱ्याच्या खिशात दुसऱ्याची किल्ली का असावी, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

लायसन्सच्या ऑफिसला मी आणि वहिनी गेलो. फाटकाबाहेर ताडपत्रीखाली दलाल बसतात. मी ज्यांच्यासोबत मोर्चे काढते त्या आमच्या गटाने त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं होतं, मजकूर माझा होता. त्यातल्या एकाने मला ओळखलं.

“आओ दीदी, आओ. आपका पर्चा बहुत काम का निकला. समोसे वाला उसी में लपेट के देता है.”

“तेल सोखता होगा,” मी म्हणाले.

“बढ़िया सोखता है. किसका बनवाना है? इनका? विदेशी का केस टेढ़ा है दीदी. अकेले मत भिड़ो.”

आम्ही अकेलेच भिडलो. कागद सगळे होते: पासपोर्ट, व्हिसा, इथे राहण्याचा परवाना, पत्त्याचा पुरावा, डॉक्टरचं सर्टिफिकेट. फॉर्म वहिनीने घरीच माझ्या फोनवर भरला होता. खिडकीतल्या बाबूने कागद चाळले आणि वर न पाहता विचारलं, “सरनेम?”

“नहीं है,” वहिनी म्हणाली.

“मतलब?”

“मतलब नहीं है. हमारे देश में नहीं होता.”

“ऐसे कैसे नहीं होता? सबका होता है.” मग त्याने माझ्याकडे पाहिलं. “इनके पति का क्या है?”

इथे थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आले आहे. शाळेत नवीन बाई आल्या की, कॉलेजात कोणाच्या घरी जेवायला गेलं की. तेलीबांध्याला गटासाठी खोली पाहायला गेले तेव्हा मालकाने चहा सांगितला, मग गोड आवाजात म्हणाला, “बेटा, पूरा नाम?” मी पूर्ण नाव सांगितलं. चहा आला, खोली मिळाली नाही. आमचं आडनाव ऐकलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला पाठ आहे. म्हणून माझ्या वडिलांनी आम्हाला एकच शिस्त लावली होती: विचारलं तर पूर्ण सांगायचं, मोठ्याने सांगायचं, मान खाली घालून नाही. वडील गेले, शिस्त राहिली. माझ्यासाठी आडनाव म्हणजे मोर्च्यातला झेंडा.

तर बाबूने विचारलं आणि मी सवयीप्रमाणे मोठ्याने सांगून टाकलं. त्याने लिहायला पेन उचललं. वहिनीने हात पुढे करून कागद मागे ओढला.

“वो मेरा नाम नहीं है.”

“तो फिर फॉर्म अधूरा है,” बाबू म्हणाला आणि कागद परत केले. “पति को लेके आना.”

रात्रीच्या जेवणाला तेच सुरू झालं. दादाने ऐकून घेतलं आणि ताट सरकवलं. “एवढंच ना? लावून टाक आपलं आडनाव. दलाल शपथपत्र करून देते. दोन दिवसांचं काम.”

“पासपोर्ट में नहीं है,” वहिनी म्हणाली. “लाइसेंस में दूसरा नाम रहेगा तो पुलिस रजिस्ट्रेशन वाले पूछेंगे कि कौन सी औरत है.”

“ते मी पाहून घेतो.”

“और मुझे लगाना भी नहीं है.”

दादाचा चेहरा उतरला. रागाने नाही. “काहून? आपलं आडनाव लावायची लाज वाटते का तुले?”

खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याही मनात तोच प्रश्न आला. हे आडनाव टाकून देणारे आम्ही पाहिलेत. नोकरीत बढती झाली, कॉलनीत फ्लॅट घेतला, की पाटीवरून आडनाव गायब. मला अशा लोकांची चीड येते. वहिनी त्यातली नव्हती, पण दादाला ती तशी दिसली असेल तर मी त्याला दोष देणार नाही.

वहिनी पाणी प्यायली. “लाज नहीं है,” ती म्हणाली. “मेरी माँ का नाम अलग, बाप का अलग, बहन का अलग. किसी का किसी से नहीं मिलता. जिस दिन पैदा हुए, उस दिन के अक्षर से नाम रखते हैं. शादी हुई तो भी वही, मरे तो भी वही. मैंने किसी का लिया नहीं कभी. आपका आपके पास अच्छा है.”

आईने भाकरी मोडता मोडता विचारलं, “मंग तुमच्यात कोण कोणत्या जातीचं ते कसं समजते?”

“नहीं समझता.”

“नावावरून नाही?”

“नहीं, माँ. वहाँ दूसरे झगड़े हैं. बहुत हैं. ये वाला नहीं है.”

आई हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली, मग खोकली, मग परत हसली. “बाप्पा,” ती म्हणाली, “आपण इतक्या वर्षांपासून ओरडून राहिलो, आन या पोट्टीच्या देशात तो रकानाच नाही.” मग ती दादाकडे वळली. “नाही लावणार ती. उद्या मी जातो तिच्यासंगं.”

दादा म्हणाला, “तुझे गुडघे—”

“गुडघ्यांसाठीच जातो.”

दुसऱ्या खेपेला आम्ही तिघी ई-रिक्षाने गेलो. मी रात्री कलमांसकट दोन पानी निवेदन लिहून नेलं होतं. आई पांढऱ्या साडीत, हातात थैली, थैलीत पाण्याची बाटली आणि फुटाणे. आईला पाहून ताडपत्रीखालचा दलाल उठून उभा राहिला आणि मला म्हणाला, “दीदी, आज तो पूरी पार्टी लेके आए.”

खिडकीत तोच बाबू. मागे रांग.

“पति कहाँ हैं?”

“ड्यूटी पे,” आई म्हणाली. “सास चलेगी?”

रांगेत कोणीतरी हसलं. मी निवेदन पुढे केलं, त्याने ते न वाचता बाजूला ठेवलं आणि आईशी समजुतीच्या सुरात बोलायला लागला. “माताजी, आप समझदार हैं. बहू को समझाइए. शादी हो गई, अब आपके खानदान का नाम लगा ले. इसमें क्या शर्म.”

“शर्म नहीं है?”

“बिल्कुल नहीं.”

आईने आमचं आडनाव उच्चारलं. पूर्ण, स्वच्छ, वडील उच्चारायचे तसं. मग म्हणाली, “तो भैया, आप लगा लो. मैं फोकट में दे रही हूँ. आपके बच्चों के लिए भी ले जाओ.”

मी त्या बाबूचा चेहरा पाहत होते. मला पाठ असलेली ती हालचाल त्याच्या चेहऱ्यावर आली: नाकाच्या बाजूला, क्षणभर. ती आम्हा सगळ्यांना दिसली, हेही त्याला कळलं. आईने थैलीतून बाटली काढली, दोन घोट पाणी प्यायली आणि झाकण लावलं. तिला काही घाई नव्हती.

“पासपोर्ट में जितना है उतना ही लिखना है, सर,” वहिनी म्हणाली. आवाज चढवला नाही. “फॉर्म में नाम के आगे लाल तारा है, मतलब भरना ज़रूरी है. सरनेम के आगे नहीं है. घर में मैंने खाली छोड़ा था. आगे चला गया था.”

त्याने संगणकाकडे पाहिलं. माउस हलवला, एकदा बटण दाबलं. पान पुढे सरकलं.

“ले तो रहा है,” तो स्वतःशीच म्हणाला.

मशीनने आडनाव कधी मागितलंच नव्हतं. मागत होता तो माणूस. किती वर्षं, किती जणांना, आणि किती जण रकाना भरून गप घरी गेले, ते त्यालाही सांगता येणार नाही. माझं दोन पानी निवेदन अजून त्याच्या टेबलावर असेल. परत मागितलं नाही. वाचू दे.

शिकाऊ लायसन्सची परीक्षा तिने त्याच दिवशी संगणकावर दिली आणि पास झाली. मग महिनाभर दादा तिला संध्याकाळी मैदानावर न्यायचा, किल्ली द्यायचा, घरी आल्यावर परत घ्यायचा. आई दारात खुर्ची टाकून हे बघायची आणि एक अक्षर बोलायची नाही. तिचं ते न बोलणं दादाला जड जात होतं, हे मला दिसत होतं. मी मुद्दाम त्याची बाजू घेतली नाही.

पक्क्या परीक्षेला दादा रजा टाकून आला. मैदानावर चुन्याने आठचा आकडा आखलेला, पाय न टेकता त्यावरून गाडी फिरवायची. नावं पुकारणारा माणूस फक्त आडनावं पुकारत होता. वहिनीचं पान आलं तसा तो अडखळला. कागद जवळ धरला, लांब धरला, आणि शेवटी तिचं दोन अक्षरांचं नाव चुकीच्या उच्चारात पुकारलं. वहिनी म्हणाली, “हव.”

दलालांची गिऱ्हाइकं चार हात गाडी ढकलून पास होत होती. वहिनीने पूर्ण आठ काढला. परीक्षक म्हणाला, “फिर से.”

“इनसे तो दो बार नहीं कराया,” मी तारेच्या कुंपणाबाहेरून म्हणाले.

“मॅडम, आप कौन?”

“ननद.”

वहिनीने मला हाताने गप केलं आणि परत आठ काढला, आधीपेक्षा हळू. हळू काढणं अवघड असतं, गाडी चालवणाऱ्यांना माहीत आहे. मग न सांगता तिसऱ्यांदा काढला. परीक्षक सही करून पुढच्या माणसाकडे वळला. दादा माझ्या शेजारी उभा होता. “बरी चालवते,” तो म्हणाला. “माह्यापेक्षा बरी,” असंही थोड्या वेळाने म्हणाला, पण मला ऐकू येऊ नये अशा बेताने.

कार्ड टपालाने आलं. नाव आहे, वडिलांचं नाव आहे, आणि दोन्ही एकमेकांशी काही जुळत नाहीत. आईने चष्मा लावून ते पाहिलं आणि दादासमोर हात पसरला. दादाने खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. आईने ती वहिनीला दिली.

पुढच्या रविवारी मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन बाहेर पडत होते. गाडी सुरू होती, आई मागे बसलेली, मांडीवर थैली, ओठांवर लिपस्टिक. दादा ड्युटीचे कपडे घालून घाईघाईने दारात आला.

“मले स्टेशनावर सोडा ना आधी. उशीर होऊन राहिला.”

“हमको विहार जाना है,” वहिनी म्हणाली.

“मंग मी कसा जाऊ?”

आईने मागे वळून पाहिलं. “मी जायची तसा जा. वाट पाह्य कोणाची तरी.”

गाडी गल्लीतून डाव्या बाजूने गेली. दादा आणि मी नाक्यावर ई-रिक्षासाठी उभे राहिलो. पहिली भरलेली आली.