मुरुडच्या बाजारातली बाई

नातीच्या कुरळ्या केसांना खोबरेल लावताना त्या वासाने मला नवाबाच्या राज्यातला मुरुडचा बाजार आठवला. मी नऊ वर्षांची होते. एका म्हाताऱ्या सिद्दी बाईने माझ्या तशाच कुरळ्या केसांवरून खोबरेलाच्या वासाचा हात फिरवत आईला विचारलं, “हिचा बाप आमचा याकूब ना?”

“न्हाय!” म्हणत आईने मला ओढत बाजाराबाहेर आणलं.

“आये, मी कोनाची?”

“माझी. गावात बोललीस तर दोघींना हाकलतील.”

काशीदला घरी बाबा जाळं विणत होते. त्यांच्या चेहऱ्यात मी पहिल्यांदाच माझा चेहरा शोधू लागले.

“मुरुडात कोन भेटलं काय?” त्यांनी हळूच विचारलं.

मी घाबरून नकारार्थी मान हलवली. त्यांना सगळं ठाऊक होतं, हे आज कळतं.