तलवारीच्या खाचा वाचणारे सर

देविदासराव भोंगाडे सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त मी लिहायचं, म्हणजे भाजीवाल्याने सराफ्यात दुकान मांडण्यासारखं. सर लढाया, सेनापती, तोफा-तलवारींचे अभ्यासक. मी पवनारचा वांगी-मेथीवाला. चार पुस्तकं वाचली, तीही सरांच्याच कपाटातली.

ओळख झाली एका खंडेनवमीला, शस्त्रपूजेच्या दिवशी. आमच्या घरच्या तलवारीची कीर्ती ऐकून सर वर्ध्याहून बसने आले होते. बाबांच्या पणजोबांनी ती भोसल्यांच्या फौजेत गाजवली, धारेवरची एकेक खाच म्हणजे शत्रूचा एकेक लोखंडी टोप, असं बाबा गावभर सांगत. गावाने ती ग्रामपंचायतीत काचेच्या पेटीत ठेवायचं ठरवलं होतं. पाटीवरचा मजकूर सर लिहिणार होते.

पूजा झाली. रिवाजाप्रमाणे बाबांनी दगडी पायरीवर कोहळा ठेवला आणि तलवारीच्या एका घावात कापला. पातं पायरीवर आपटून खण्णकन आवाज झाला. सरांनी वाकून धार निरखली. जेवणं आटोपल्यावर ते बाबांना एकट्यालाच गोठ्याकडे घेऊन गेले. मी तिथेच बैलांना कडबा टाकत होतो.

“दादाजी, या खाचा पायरीच्या आहेत. सगळ्या टोकाजवळ, एकाच वितीत. आजची तर अजून चमकते आहे.”

बाबा भडकले. “माह्या घरचं पुरण खाऊन माह्याच तलवारीले कोहळ्याची म्हणता, मास्तर? लोकाईले तोंड कसं दाखवू मी?”

“लोकांत मी बोललोच नाही. पण पाटीवर खोटं लिहिणार नाही.”

झालं! अबोला पडला. पेटी रिकामीच राहिली.

पुढे बाबांना सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती केलं, तर सर रोज संध्याकाळी उशाशी हजर. तलवारीचं नाव काढत नसत. फौजेचा दाणागोटा कोण वाही, तोफ चिखलात रुतली की बैल कसे जुंपत, हेच बोलणं. बैलांचा विषय निघाला की बाबांना चेव यायचा. एके दिवशी त्यांनीच विचारलं, “त मंग माह्या पणज्यानं काय केलं असंन, मास्तर?”

“ते तलवार सांगत नाही. पण मुठीवरची नक्षी तळहाताच्या जागी पार झिजली आहे. कोणीतरी ती वर्षानुवर्षं हातात धरली, एवढं नक्की.”

बाबा उशीला टेकून उठून बसले. मग म्हणाले, “तेवढंच लिहा. अन् खाचा कोहळ्याच्या हायेत, हेबी लिहा. मी मेल्यावर कोनं हासण्यापक्षा माह्यासमोर हासलेले बरे.”

पाटी लागली. लोक हसले, बाबा सगळ्यांत मोठ्याने हसले. आज बाबा नाहीत, पण ते हसू माझ्या कानात आहे. दुसऱ्याचा फुगा फोडायला टाचणी कोणाकडेही असते. फोडल्यावर उशाशी येऊन बसणारे सरच.

सर, जाम गावाकडच्या एका शेतकऱ्याला बांधावर तोफ सापडली आहे म्हणे. मी पाहून आलो. मला तरी तो विहिरीवरचा जुना पाइप वाटतो, पण त्याने हार घालून नारळही फोडला आहे! आता त्याला कोण सांगणार? तुमचे गुडघे धड राहोत, नजर शाबूत राहो, शंभरी सुखाने पार पडो. त्याला खरं सांगायला, आणि सांगून झाल्यावर त्याच्या ओट्यावर चहा घेत बसायला, तुम्हीच हवे आहात.